टोबी जग विकायला काढण्याआधी

प्रति,
विश्वस्त मंडळे आणि कौन्सिलच्या संग्रहालय समित्या,
इंग्लंडमधील लहान शहरांची संग्रहालये

विषय : कोठारातले टोबी जग आणि कॅरेक्टर जग (माणसाच्या रूपातली मातीची भांडी) संग्रहातून कमी करण्याबाबत

महोदय, महोदया,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत सर्वांसाठी आहे. स्टॅफर्डशायर आणि आजूबाजूच्या भागात आता मराठी घरं बरीच आहेत. कुणी इस्पितळात, कुणी आयटीत, कुणी विद्यापीठात. कौन्सिल टॅक्स आम्हीही भरतो, पण संग्रहालयाबद्दल नागरिकांची मतं मागवणारा कागद दारातून आत पडला की तो पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत जातो. त्यांच्या वस्तू, त्यांचं ते बघतील, असं म्हणून. त्या रद्दीतून एक तरी कागद बाहेर निघावा, हाही या पत्राचा हेतू आहे.

मुद्दा असा. छोट्या संग्रहालयांच्या कोठारांत सध्या आवराआवर चालू आहे. जागा नाही, पैसे नाहीत, माणसं नाहीत. तिन्ही खरं आहे, त्यावर वाद घालायचा नाही. पण काय काढायचं याची यादी निघाली की हे मातीचे जग हमखास वरच्या ओळीत दिसतात. कागदावर कारणं दोन असतात : सगळीकडे आहेत, आणि बाजारात किंमत नाही. सभेत उघड बोललं जात नाही असं तिसरं कारण म्हणजे यांना कोणी कला मानत नाही. आजीच्या कपाटावरची शोभा, धूळ खाणारी थोबाडं, एवढीच यांची पत.

इथे मराठी वाचकांसाठी थोडं थांबते. टोबी जग म्हणजे माणसाच्या रूपातला जग : तिकोनी टोपी, लांब कोट, पोट सुटलेलं, बसलेला, हातात बिअरचा मग, बहुधा जवळ चिलीम. टोपीची एक कड म्हणजे ओतायची चोच. जुन्या जगांच्या टोपीला सुटं झाकण असायचं, आणि ते उलटं धरलं की त्यातच प्यायची सोय. 1760 च्या सुमारास स्टॅफर्डशायरमध्ये हे सुरू झालं. बर्स्लेमच्या राल्फ वूड घराण्याचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं. 1761 सालच्या एका पिण्याच्या गाण्यात टोबी फिलपॉट नावाचा पट्टीचा पिणारा होता. तो मेला, मातीत मिसळला, आणि कुंभारानं त्याच मातीचा जग घडवला, अशी ती गंमत. नाव तिथूनच आलं असं बहुतेक जण मानतात. बायकाही आहेत यात. मार्था गन ही ब्रायटनच्या किनाऱ्यावर लोकांना समुद्रात बुडी मारायला मदत करणारी बाई. तिचाही जग निघाला, टोपीवर प्रिन्स ऑफ वेल्सची पिसं लावून. राजपुत्राला बुडवणाऱ्या बाईला मातीत जागा मिळाली, हे मला फार आवडतं.

कॅरेक्टर जग हा त्याचा विसाव्या शतकातला भाऊ. याला धड नाही, फक्त डोकं आणि खांदे. रॉयल डॉल्टनचे कलासंचालक चार्ल्स नोक यांनी बर्स्लेमच्या नाइल स्ट्रीटच्या कारखान्यात 1934 साली पहिला काढला, जॉन बार्लीकॉर्न. मग डिक टर्पिन, डिकन्सच्या कादंबरीतली सेरी गॅम्प, पार्सन ब्राउन. पुढे शेकडो. लार्ज साधारण सहा-सात इंची, टायनी दीड इंचाच्या आत, मध्ये स्मॉल आणि मिनिएचर. लोक चारही आकार जमवायचे, आणि पाहुण्यांना दाखवायचे.

यांची खरी करामत कानात, म्हणजे धरायच्या कडीत आहे. पूर्वी जगाला साधा वळणदार कान असायचा. नंतर घडवणाऱ्यांना सुचलं की चेहऱ्यात मावत नाही ते कानात सांगता येतं. सेरी गॅम्पचा कान तिची छत्री. डिक टर्पिन या दरोडेखोराच्या पहिल्या घाटात कानाच्या जागी पिस्तूल, 1960 च्या सुमाराच्या दुसऱ्या घाटात घोडा. शिरच्छेद झालेली राणी ॲन बोलीन, तिचा तर कुऱ्हाड आणि डोकं ठेवायचा ठोकळा. राणीचा जग उचलायचा तर तिच्या शिरच्छेदाची खूणच धरायची! हा विनोद काळाकुट्ट आहे, आणि तो कारखान्याच्या पगारी माणसानं केलेला आहे. याला कला म्हणायचं की नाही याची चर्चा तुम्ही करत बसा. मला एवढं दिसतं की त्या जागी अक्कल वापरलेली आहे.

आता किमतीचं बोलू. साधा डॉल्टनचा लार्ज जग आज चॅरिटी शॉपमध्ये किंवा कार बूट सेलमध्ये दहा-वीस पौंडांत मिळतो. कधी त्याहून कमी. ज्यांनी एकेकाळी पोटाला चिमटा घेऊन हे जमवले त्यांची मुलं ते फुकट द्यायलाही तयार आहेत. मग लिलावात काही जगांना हजारो पौंड का मिळतात? कारण ते निघाले आणि लगेच मागे घेतले गेले. 1940 साली चर्चिलचा दोन कानांचा पांढरा जग निघाला, बॅटल ऑफ ब्रिटनच्या आठवणीसाठी. चेहरा जमला नव्हता, खुद्द चर्चिललाच तो आवडला नाही असं सांगतात, आणि थोड्याच काळात तो बंद झाला. 1984 चा क्लार्क गेबल वारसदारांच्या हरकतीमुळे मागे घ्यावा लागला. म्हणजे बाजारात सर्वांत महाग काय, तर कारखान्याच्या चुका. उलट ज्या जगांवर हजारो कुटुंबांनी खरोखर प्रेम केलं ते मातीमोल. संग्रहालयानं याच तराजूनं मोजायचं ठरवलं तर शेवटी कोठारात फसलेलं तेवढं उरेल आणि लोकांना आवडलेलं सगळं जाईल. गावाच्या संग्रहालयाला तर लोकांना काय आवडलं तेच दाखवायचं असतं ना?

एक प्रसंग सांगते. मी स्वयंसेविका म्हणून काही काळ एका छोट्या गावच्या संग्रहालयाच्या कोठारात नोंदी तपासायचं काम करत होते. गावाचं नाव महत्त्वाचं नाही. केळ्यांची जुनी खोकी, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले जग. नोंदवहीत ओळ एवढीच : 'टोबी जग, मोठा, टोपीवाला.' पुढच्या ओळीत 'वरीलप्रमाणे', त्याखाली पुन्हा 'वरीलप्रमाणे'. उघडून पाहिलं तर टोबी एकही नाही, सगळे कॅरेक्टर जग. आणि टोपी तर जवळजवळ सगळ्यांच्याच डोक्यावर असते.

जग हातात घ्यायची पद्धत तिथल्या बाईंनी शिकवली. कान धरून कधीच उचलायचा नाही. कान वेगळा ओतून ओल्या मातीनं चिकटवलेला असतो, सांधा तिथेच सुटतो. तळाखाली एक हात, पाठीला दुसरा. मग आत बोट घालून बघायचं. बाहेर जिथे नाक असतं तिथे आत खड्डा लागतो, हनुवटीच्या जागी दुसरा. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओततात, साचा पाणी शोषतो, भिंतीला मातीचा थर धरतो, मग उरलेली माती परत ओतून टाकतात. म्हणून बाहेरचा चेहरा आतही उलटा उमटलेला असतो. हे ऐकायला सोपं वाटतं, पण साचे झिजतात. त्याच जगाचे दोन नग शेजारी ठेवले तर एकाच्या डोळ्याखालच्या सुरकुत्या धारदार असतात, दुसऱ्याच्या पुसट. पुसट तो साचा बदलायच्या आधीचा. हे कळायला दोन नग लागतात. 'एकसारखे आहेत, एक ठेवा बाकीचे काढा' हा तुमच्या यादीतला शेरा वाचला की म्हणून माझ्या कपाळावर आठी पडते.

मग जग उलटा करायचा. तळाला मुकुट आणि सिंहाचा शिक्का, डी अक्षर आणि आकडा. शिक्क्यावरून आडवी ओरखड असेल तर तो दुय्यम माल, कामगारांना आणि आसपासच्यांना स्वस्तात मिळालेला. लिलाववाले अशा जगाची किंमत पाडतात. गावच्या संग्रहालयाला मात्र तोच जास्त बोलका आहे, कारण तो कारखान्यातून सरळ गल्लीत आला. आणि कडेला, नीट बघितलं तरच दिसेल अशी, रंगवणारीची खूण : एखादं अक्षर, दोन ठिपके, एक टिंब आणि रेघ. पेंट्रेस म्हणायचे त्यांना इथे. पोरी शाळा सोडून चौदा-पंधराव्या वर्षी कारखान्यात यायच्या आणि नगावर मजुरी मिळायची. भुवया, बुबुळं, गालावरची लाली त्यांच्या हातची. जगाचा डोळा जिवंत वाटतो की मेलेला, ते त्या एका ठिपक्यावर ठरतं.

नोकचं नाव पुस्तकात आहे. हॅरी फेंटन, मॅक्स हेंक, डेव्हिड बिग्ज या घडवणाऱ्यांची नावं संग्राहकांना पाठ असतात. त्या ठिपक्यांची मालकीण कोण, हे सांगणारी नोंद मला एकाही खोक्यात मिळाली नाही. नाइल स्ट्रीटचा कारखाना 2005 साली बंद झाला आणि काम इंडोनेशियात गेलं. तिथे शेवटी ज्या बायका होत्या त्यांतल्या कित्येक आज इथेच राहतात. बसथांब्यावर, जीपीच्या दवाखान्यात आपल्या शेजारी बसतात. त्यांच्यापुढे खोकी उघडून 'ही खूण कुणाची?' एवढं विचारायला चहा आणि एक रेकॉर्डर लागतो. जग नंतरही काढता येतील, या बायका नंतर भेटणार नाहीत.

आता एक गोष्ट जी मला, इथे बाहेरून आलेल्या बाईला, जास्त टोचते. पहिल्या महायुद्धात विल्किन्सनच्या कारखान्यानं व्यंगचित्रकार फ्रान्सिस करदर्स गोल्ड यांच्याकडून अकरा टोबी जगांचा संच करून घेतला होता. राजा पाचवा जॉर्ज, लॉइड जॉर्ज, हेग, फॉश, जॉफ्र, जेलिको, अमेरिकेचा विल्सन, दक्षिण आफ्रिकेचा बोथा, आणि किचनर. किचनरच्या हातातल्या जगावर लिहिलं आहे : 'कैसरसाठी कडू.' कडू बिअरवरचा शब्दखेळ. हा तोच किचनर, जो 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि ज्याच्याशी भांडून कर्झनला व्हाइसरॉयपद सोडावं लागलं. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले, त्यांत मराठे होते, महार होते. अकरा जगांत त्यांचा चेहरा नाही. असणारही नव्हता. 1946 साली डॉल्टननं फील्ड मार्शल स्मट्सचा जग काढला. गांधींना तुरुंगात टाकणारा, आणि गांधींनी तुरुंगात स्वतः शिवलेल्या चपला भेट मिळालेला तो स्मट्स. गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसाला, 1939 मध्ये, त्यानं त्या परत पाठवल्या. या पावलांत उभं राहायची आपली लायकी नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं म्हटलं होतं. जगावरचा स्मट्स मात्र निव्वळ लष्करी वेशातला म्हातारा आहे.

हे जग म्हणून फोडून टाकावेत असं मी म्हणत नाही. उलट नीट मांडावेत. कोणाचा चेहरा कपाटावर ठेवण्याजोगा वाटला आणि कोणाचा नाही, याची इतकी उघड नोंद दुसऱ्या कुठल्या वस्तूत मिळेल? 1967 चा 'नॉर्थ अमेरिकन इंडियन' पाहा, पिसांचा मुकुट घातलेला. नाव कुणाचंच नाही, नुसती जात. शेजारी फाल्स्टाफ, रॉबिन हूड, सॅम्युएल जॉन्सन नावानिशी. अशा वस्तू अडचणीच्या वाटतात म्हणून गुपचूप यादीत घालायच्या, ही सोय मला पटत नाही. पाटी लिहा. चार ओळी पुरतात.

कशी मांडायची, हे शिकायला लांब जायला नको. ब्रायटनला हेन्री विलेट नावाचे बिअर बनवणारे धनिक होते, तिथल्या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी जमवलेली सुमारे दोन हजार मातीची भांडी आणि बाहुल्या 1903 साली संग्रहालयाला मिळाल्या. त्यांनी कारखान्याप्रमाणे किंवा सालाप्रमाणे रचना केलीच नाही. राजघराणं, लढाया, गुन्हे, दारूबाजी, धर्म, खेळ, अशा विषयांनी केली. देशाचा इतिहास साध्या घरगुती भांड्यांवरून वाचता येतो, अशी त्यांची धारणा होती. कोणता जग किती दुर्मीळ, हा प्रश्न तिथे दुय्यम होतो. आणि एक योगायोग : ते संग्रहालय ज्या रॉयल पॅव्हेलियनच्या आवारात आहे, तिथेच 1914 ते 1916 या काळात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं.

आमच्या पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्रया, कुलपं, पानदानं आयुष्यभर जमवली आणि सरकारच्या हवाली केली. मुलाच्या नावानं ते संग्रहालय चालतं. अडकित्त्याला बाजारात काय भाव, असं तिथे कोणी विचारत नाही. एकाच कामाची वस्तू माणसं किती तऱ्हांनी घडवतात, हे बघायला लोक जातात, आणि त्यासाठी शंभर अडकित्ते लागतातच. मुंबईत राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर मुंबईच्या जातीजमातींच्या मातीच्या छोट्या बाहुल्या दिसतील, आणि ज्या फरशीवर उभं राहून त्या बघाल ती मिंटनची, म्हणजे इथल्याच स्टोकच्या मातीची. शहराशहरांमधलं हे देणंघेणं दाखवायला तुमच्या कोठारातला एक वीस पौंडी जगही चालेल.

विकण्याबद्दल आणखी एक. 2014 साली या देशात एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. जुलैत नॉर्थॅम्प्टनच्या कौन्सिलनं आपल्या संग्रहालयातली सेखेमका ही इजिप्शियन मूर्ती लिलावात काढली. 1 कोटी 57 लाख 60 हजार पौंड आले, आणि आर्ट्स कौन्सिलनं संग्रहालयाची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी शरदात बार्लॅस्टनचा, वेजवुड या मातीच्या भांड्यांच्या कंपनीचा संग्रह विकला जाणार होता. वेजवुड कंपनी बुडाली, कामगारांच्या पेन्शन फंडाचं देणं उरलं, आणि कोर्टानं सांगितलं की त्या देण्यासाठी संग्रहसुद्धा विकता येईल. लोकांनी, संस्थांनी मिळून 1 कोटी 57 लाख 50 हजार पौंड उभे केले. सामान्य माणसांच्या वाट्याची शेवटची रक्कम महिन्याभरात जमली. आज तो संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीचा आहे आणि बार्लॅस्टनलाच राहिला आहे. दोन्ही आकड्यांत फरक दहा हजार पौंडांचा. एका गावानं तेवढे घेतले, दुसऱ्यानं तेवढे दिले. तुमच्या जगांतून तर कोटी सोडाच, छपराचं एक गळकं कौलही बदलून होणार नाही. मग मान्यता आणि गावाचा विश्वास एवढ्यासाठी कशाला पणाला लावायचा?

सगळं ठेवाच, असा माझा हट्ट नाही. फुटके, दुसरी काहीच माहिती नसलेले, पन्नासातले पंचेचाळीस सारखे नग काढावे लागतील. पण आधी प्रत्येक जग उलटा करून तळाचा फोटो घ्या : शिक्का, आकडा, ओरखड, रंगवणारीची खूण. देणाऱ्याचं पत्र खोक्यात असेल तर त्या जगापासून तोडू नका. सर्वांत कठीण काम आधी करा, जुन्या पेंट्रेस आणि साचेवाल्यांना बोलवा. मग जे नको असेल ते आधी दुसऱ्या मान्यताप्राप्त संग्रहालयाला विचारा. त्यांनाही नको तर शाळा आणि वृद्धाश्रमांना हाताळायच्या पेटीत द्या. पोरांनी नाकाच्या खड्ड्यात बोट घालून बघावं. एखादा फुटला तर फुटला. लिलाव सर्वांत शेवटी. आणि कुठला जग का काढला, त्याचं कारण नोंदवहीत पूर्ण वाक्यात लिहा. 'वरीलप्रमाणे' नको.

मराठी मंडळींना एवढंच : तुमच्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर अशी मतनोंदणी सध्या चालू आहे का ते बघा. फॉर्ममध्ये 'तुम्ही संग्रहालयाला वर्षातून किती वेळा भेट देता' असा प्रश्न बहुधा पहिलाच असतो. उत्तर 'एकदाही नाही' असेल तर तसंच लिहा, पुढचे प्रश्न तरीही भरता येतात. स्टोकमध्ये असाल तर हॅन्लीचं पॉटरीज म्युझियम बघा. तिथे घुबडाच्या आकाराचा सतराव्या शतकातला एक जग आहे, ऑझी त्याचं नाव, त्याचं डोकं उचललं की पेला होतो. 1990 मध्ये कुणीतरी तो टीव्हीवरच्या जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात सहज म्हणून घेऊन आलं होतं. तिथेच गायीच्या आकाराची 667 दुधाची भांडीही आहेत, गॅब्रिएल केलर यांनी 1962 साली दिलेली. 667 मधल्या किती 'एकसारख्या' आहेत, हे मुलांना मोजायला लावा.

विश्वस्तांनो, खुणा ओळखायच्या बैठकीला चहा आणि चिवडा मी आणीन. खोकी उचलायला आमच्या मंडळातली चार तरुण मुलं तयार आहेत, कान धरून उचलायचा नाही हे त्यांना आधी सांगेन. तारीख कळवावी.

आपली,
स्टॅफर्डशायरमधली एक मराठी रहिवासी